विनागिअरची दहा वर्षं

आपणच लिहिलेल्या कोडने आपल्यालाच रिजेक्ट करावं, यासारखी दुसरी फजिती नाही. माझी ती गेल्या दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी संध्याकाळी झाली. त्यानंतर तीनेक महिने मी जे काही केलं त्याची ही गोष्ट. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

तर झालं असं. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी नाशिकच्या घरून काम करतो. सध्याचा प्रोजेक्ट इन्शुरन्सवाल्यांचा आहे. गाडीला अपघात झाला की लोक क्लेम टाकतात. तो क्लेम माणसाच्या टेबलावर जायच्या आधी आमचं सॉफ्टवेअर बऱ्याच गोष्टी तपासून घेतं. पॉलिसी चालू होती का, आरसी कुणाच्या नावावर आहे, चालवणाऱ्याकडे लायसन होतं का, वगैरे. त्या आठवड्यात माझ्या वाट्याला एक छोटासा नियम आला होता. लायसनवर ज्या प्रकारच्या गाडीची परवानगी आहे, अपघातातली गाडी त्याच प्रकारची होती का? नसेल तर क्लेम आपोआप पास करायचा नाही, माणसाकडे पाठवायचा. वीस ओळींचं काम. शुक्रवार असल्यामुळे पंधरा ओळींत उरकलं.

टेस्ट करायला हाताशी डेटा नव्हता. म्हटलं, आपलंच लायसन टाकू. पाकिटातून कार्ड काढलं, माहिती भरली, गाडी म्हणून बाबांची स्प्लेंडर टाकली आणि रन केलं.

"वाहन प्रकार जुळत नाही."

कोड पाहिला. बरोबर वाटला. परत पाहिला. परत बरोबर वाटला. (असं झालं की हमखास काहीतरी गंभीर असतं.) शेवटी टीममधल्या टेस्टर मुलीला मेसेज टाकला, "जरा बघतेस का, बग आहे वाटतं." तिने लायसनचा फोटो मागितला. दोन मिनिटांनी उत्तर आलं, "बग नाहीये. तुझं लायसनच विनागिअरचं आहे :-)"

कार्डावर इंग्रजीत पाच अक्षरं होती. एम सी डब्ल्यू ओ जी. मोटारसायकल विदाउट गिअर. गिअरवाल्या गाडीची अक्षरं चार असतात, एम सी डब्ल्यू जी. फरक एका ओचा. हे ओ माझ्या पाकिटात दहा वर्षं होतं, आणि मी ते एकदाही वाचलं नव्हतं. इंजिनिअरिंगला चार वर्षं काढलेला माणूस मी, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले स्वल्पविराम शोधतो. असो.

लायसन काढलं ते २०१५ साली. सिंहस्थाचं वर्ष होतं, गावभर बॅरिकेड आणि भाविक. मी नुकताच अठराचा झालो होतो आणि घरात आईची स्कूटर होती. पेठ रोडच्या आरटीओत त्या स्कूटरवरच टेस्ट दिली आणि वीस वर्षांचं कार्ड मिळालं. वर्षभराने बाबांनी स्प्लेंडर शिकवली. तेव्हा घरातला संवाद एवढाच झाला, "लायसन आहे ना?" "आहे." विषय संपला. बाबांना वाटलं लायसन म्हणजे लायसन. मलाही तेच वाटलं. मला वाटतं, तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना आत्ता वाचताना तेच वाटतंय.

आणि मी काही बेशिस्त गडी नव्हे हां. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून नाशकात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम सुरू झाली, तेव्हा मी पंपावर हेल्मेट घालून उभा राहून, बिनहेल्मेटच्या एका काकांना वाहतुकीच्या नियमांवर भाषण दिलं होतं. स्प्लेंडरवर बसून. माझ्या खाली असलेली गाडी चालवायचा मला अधिकारच नव्हता. ते काका आज भेटले तर मी रस्ता बदलीन.

त्या रात्री जेवण झाल्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ उघडला. कायदा वाचायला वाटतो तितका अवघड नाहीये, आमच्या प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटपेक्षा तर बराच सोपा आहे. कलम ३ म्हणतं, लायसन असून भागत नाही, ती विशिष्ट गाडी चालवायची मुभा देणारं लायसन हवं. कलम १० मध्ये गाड्यांचे प्रकार दिलेत. यादीत पहिलं नाव विनागिअर मोटारसायकल, दुसरं गिअरची मोटारसायकल. कायद्याच्या भाषेत स्कूटरही मोटारसायकलच. म्हणजे हे दोन वेगळे प्रकार आहेत, लहान-मोठे भाऊ नव्हेत. आणि ज्याच्याकडे त्या प्रकाराचं लायसन नाही, तो कायद्यापुढे बिनलायसनचाच. कलम १८१ खाली पूर्वी त्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीत तो पाच हजार झाला. तीन महिन्यांपर्यंत कैद आधीही होती, आताही आहे. शिवाय गाडीचा मालक दुसरा कुणी असेल आणि त्याने चावी दिली असेल, तर त्याच्यासाठी वेगळं कलम आहे, १८०. म्हणजे मी अडकलो असतो तर बाबाही अडकले असते.

माझ्यातला इंजिनिअर लगेच वाद घालायला लागला. कारण स्कूटर 'विनागिअर' हे मुळात खोटंच आहे. इंजिन ठरावीक वेगाने फिरलं तरच नीट जोर देतं. चढावर जोर जास्त हवा, सपाटीला वेग जास्त हवा, म्हणून मध्ये काहीतरी बदलती व्यवस्था लागते. मोटारसायकलमध्ये ते काम वेगवेगळ्या दातांची चक्रं करतात. स्कूटरमध्ये एक पट्टा आणि दोन पुल्या असतात. वेग वाढला की आतले रोलर बाहेर सरकतात, पुलीची रुंदी बदलते आणि पट्टा आपोआप मोठ्या-लहान घेरावर सरकतो. पुढे मागच्या चाकापाशी पुन्हा दातांची चक्रं आहेतच. म्हणजे गिअर आहेत, फक्त ते बदलायचं काम तुमच्याकडे नाही.

आणि मग कळलं की कायद्याचं म्हणणं हेच आहे. गाडीच्या पोटात काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. तुमच्या हातापायांना काय करावं लागतं, एवढंच तो विचारतो. चेतकचं उदाहरण घ्या. १९७२ साली आलेली बजाजची जुनी चेतक. दिसायला स्कूटर, पण डाव्या मुठीत क्लच आणि ती मूठ फिरवून गिअर. ती गिअरवाली. २०२० साली त्याच नावाची विजेवरची चेतक आली. तिला क्लच नाही, गिअर बदलणं नाही. ती विनागिअर. नाव तेच, कंपनी तीच, पण आजोबांचं लायसन वेगळं आणि नातीचं वेगळं.

इथपर्यंत वाचून मी लॅपटॉप मिटायला हवा होता. सोमवारी फॉर्म भरू, महिन्याभरात लायसन येईल, विषय संपला. पण त्या रात्री झोप काही आली नाही. त्याचं कारण २०१८ चा जुलै.

* * *

आम्ही तेव्हा थर्ड इयर संपवून मोकळे झालेलो. मी आणि माझा एक मित्र, सिडकोतला, अंजनेरीला गेलो होतो. गाडी त्याची, दीडशे सीसीची, घेऊन वर्षही झालं नव्हतं. परतताना पाऊस लागला. मी म्हटलं, "दे, मी चालवतो." त्याने चावी दिली. तो मागे बसला.

आता इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला लागेल. बाबांच्या स्प्लेंडरचे चारही गिअर खाली पडतात. पायाचा पंजा पुढे दाबत जायचं, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मित्राच्या गाडीचा पहिला खाली आणि बाकीचे वर उचलायचे. म्हणजे जी हालचाल स्प्लेंडरवर गिअर वाढवते, तीच त्या गाडीवर गिअर कमी करते. हे मला माहीत होतं. डोक्याला माहीत होतं. पायाला नव्हतं.

महिरावणी मागे पडलं होतं. पुढे एक ट्रक रेंगाळत होता. त्याला ओलांडायला मी वेग घेतला, तिसऱ्यात गाडी ओढायला लागली, आणि चौथा टाकायला म्हणून पायाने सवयीने पुढे दाबलं. चौथा नाही पडला. दुसरा पडला. क्लच सोडला आणि मागचं चाक एकदम जखडल्यासारखं झालं. वेग जास्त, गिअर लहान, की इंजिनच ब्रेक लावतं. कोरड्या रस्त्यावर नुसता जोरात धक्का बसला असता. ओल्या रस्त्यावर मागचं चाक सरकलं आणि आम्ही दोघं आडवे.

मला खरचटलं. त्याचं कॉलरबोन मोडलं.

हॉस्पिटलात नोंद करायला हवालदार आले. त्यांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" मी तोंड उघडायच्या आत हा पलंगावरून म्हणाला, "मी." त्याच्याकडे लायसन होतं, गिअरचं. माझं त्याने कधी विचारलं नव्हतं, पण गाडी त्याची, मी घाबरलेलो, आणि तो तसाच आहे. दुसऱ्या कुणाला लागलं नव्हतं, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं. तेवढ्यात त्याचे बाबा आले. काकांनी आधी त्याच्या खांद्याकडे पाहिलं, मग सगळ्या वॉर्डासमोर त्याला झापलं. "एक गाडी सांभाळता येत नाही? दुसऱ्याच्या पोराला काही झालं असतं तर?"

दुसऱ्याचं पोर म्हणजे मी. मी तिथेच उभा होतो, हाताला पट्टी बांधून. काहीच बोललो नाही.

गाडी दुरुस्तीचे पैसे काकांनी खिशातून भरले. "चूक आपली आहे, क्लेमबिम नको," म्हणाले. चावी सहा महिने कपाटात होती. पुढे आम्ही पास झालो, नोकऱ्या लागल्या आणि हा किस्सा आमच्या दोघांत विनोद होऊन राहिला. तो कधीमधी म्हणायचा, "भो, तुझं पाप माझ्या हाडात आहे." मी हसायचो.

* * *

आता त्या शुक्रवारच्या रात्री परत येऊ. मी इन्शुरन्सचे निकाल वाचत बसलो होतो. खरं सांगायचं तर पळवाट शोधत होतो. आणि ती जवळजवळ सापडलीही. सुप्रीम कोर्टाचा २००४ चा एक निकाल आहे, स्वर्णसिंग खटला म्हणून ओळखतात, मोटार अपघातांच्या दाव्यांत तो सारखा पुढे येतो. त्यात कोर्टाने विनागिअरच्या लायसनवर दुसरीच गाडी चालवणाऱ्याचाही विचार केलाय. म्हणजे अगदी माझीच केस! कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं. लायसन चुकीच्या प्रकारचं होतं एवढ्यावरून विमा कंपनीला त्रयस्थ जखमी माणसाचे पैसे नाकारता येणार नाहीत. लायसन नसणं हे अपघाताचं मुख्य किंवा हातभार लावणारं कारण होतं का, ते प्रत्येक प्रकरणात पुराव्यावरून पाहावं लागेल.

वाचून हायसं वाटलं. म्हटलं, बघा, कोर्टसुद्धा म्हणतंय, नुसत्या कागदाने अपघात होत नाहीत. समजा ट्रकनेच येऊन ठोकलं असतं, तर माझ्या लायसनवर ओ आहे की नाही याने काय फरक पडला असता?

आणि मग त्या वाक्याची दुसरी बाजू लक्षात आली. आमच्या अपघातात ट्रकने ठोकलं नव्हतं. खड्डा नव्हता, कुत्रं आडवं आलं नव्हतं. माझा पाय चुकला होता. गिअर बदलताना. ज्या एका गोष्टीची परीक्षा मी कधीच दिली नव्हती, नेमक्या त्याच गोष्टीने माझ्या मित्राचं हाड मोडलं होतं. कोर्टाने माझ्या बाबतीत तो प्रश्न विचारला असता तर उत्तर 'होय' असंच आलं असतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १५ वा नियम मग वाचला. चाचणी घेणाऱ्याने काय काय बघायचं त्याची यादी आहे त्यात. एकेक गिअर टाकत वरच्या गिअरपर्यंत नीट जाता येतं का, आणि रहदारी पाहून वरच्या गिअरवरून पटकन खालच्यावर येता येतं का, हे त्यात चक्क लिहिलंय. मला आजवर वाटायचं, लायसन म्हणजे आपल्याला जे येतं त्याची सरकारी पावती. पण 'मला येतं' हे तर मीही म्हणत होतो त्या दिवशी, "दे, मी चालवतो" म्हणताना. आपल्याला येतं की नाही हे आपण सोडून दुसऱ्या कुणीतरी एकदा पाहिलंय, एवढाच त्या कार्डाचा अर्थ. कारण मागे बसणाऱ्याला ते तपासायची सोय नसते.

* * *

सोमवारी सारथीच्या साइटवर अर्ज भरला. जुन्या लायसनमध्ये नवा प्रकार वाढवून घ्यायचा असला तरी त्या प्रकाराचं शिकाऊ लायसन आधी काढावंच लागतं. गंमत म्हणजे, चालू लायसन असलेल्याला शिकाऊची प्रश्नोत्तरांची परीक्षा माफ असते. नियम तुम्हाला माहीत आहेत असं सरकार गृहीत धरतं. (इथे मी मान खाली घातली.) शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि पक्क्या टेस्टला तीस दिवसांच्या आत जाता येत नाही.

आणि त्या तीस दिवसांचाही नियम आहे. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा, चौकोन किमान अठरा सेंटिमीटरचा. आणि शिकणाऱ्याने मोटारसायकलवर मागे कुणालाही बसवायचं नाही. एकच माणूस चालतो. शिकवणारा, ज्याच्याकडे त्या गाडीचं लायसन आहे.

हे वाचलं आणि फोन उचलला.

"काय भो, बोल."

"एक काम होतं."

"पैसे नाहीयेत."

"पैसे नको. माझ्या मागे बसायचंय. बाबांच्या स्प्लेंडरवर. महिनाभर."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मी सगळं सांगितलं, कोड, ओ, कलम ३, सगळं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे तेव्हा तुझ्याकडे लायसनच नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मी तुला चावी दिली."

"हो."

"हेल्मेट माझं मी आणतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

पहिल्या रविवारी तो मागे बसला तेव्हा मला त्याचे दोन्ही हात जाणवले. एक मागच्या कठड्याला घट्ट, दुसरा माझ्या खांद्यावर. सात-आठ वर्षांत आम्ही गाडीवर पन्नास वेळा तरी गेलो असू, पण दर वेळी पुढे तो आणि मागे मी. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

आमच्या सोसायटीमागे मोकळा प्लॉट आहे. तिथे आईच्या रांगोळीने मोठा आठ काढला. (आई : "दिवाळीची उरलेली सगळी संपवलीस, आता पाडव्याला काय टरबुजाच्या बिया घालू दारात?") मला वाटलं, दहा वर्षं गाडी चालवतोय, आठ म्हणजे किस झाड की पत्ती. पहिल्याच वळणाला गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा पाय टेकला. तिसऱ्यांदा आठाचा नऊ झाला.

तेव्हा कळलं की मला गाडी 'चालवता' येत होती, सावकाश चालवता येत नव्हती. वेगात गाडी आपोआप तोल धरते, चालवणाऱ्याचं कसब चालण्याच्या गतीला कळतं. आठच का काढायला लावतात, तेही मग समजलं. त्यात डावं आणि उजवं दोन्ही वळण येतं, थांबायला जागा नसते आणि क्लचशिवाय निभाव लागत नाही. स्कूटरवर हे सोपं जातं, कारण क्लच तिचा तीच सांभाळते. इथे तो आपल्या डाव्या हाताच्या चार बोटांत. मोटारसायकलचा क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या चकत्यांची चवड. पूर्ण सोडला की चकत्या घट्ट चिकटतात, पूर्ण दाबला की सुट्या होतात, आणि मधल्या जागी थोड्या घसरत थोडा जोर पुढे देतात. हाफ क्लच म्हणतात तो हाच. मित्राने शिकवलेली रीत अशी : पहिला गिअर, हाफ क्लच, थोडा एक्सलरेटर आणि मागचा ब्रेक किंचित दाबलेला. पुढचा ब्रेक वळणात विसरायचा. आणि नजर चाकाकडे नाही, जिथे जायचंय तिथे. चाकाकडे पाहिलं की पाय टेकलाच म्हणून समजा.

त्याने आणखी एक केलं. तिसऱ्या रविवारी स्वतःची गाडी आणली, तीच ती दीडशे सीसीची, आणि म्हणाला, "आता हिच्यावर." मी नको म्हटलं. "लायसनवर दोन्ही गाड्या चालतात ना?" म्हणाला. "मग पायाला दोन्ही कळू देत." प्लॉटवर तासभर तो नुसता मागून ओरडत होता, "वर! खाली! वर! वर!" शेजारच्या बाल्कनीतल्या आजींना वाटलं भांडणं चाललीत.

महिन्याने आरटीओ. गाडी त्याच प्रकारची आणि तिचे कागद पूर्ण लागतात. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं फोल्डरात लावून नेलं. आजूबाजूला अठरा-एकोणीसची पोरं, मीच एकटा टक्कल पडायच्या वाटेवरचा. माझा नंबर आला, पहिलं वळण झकास घेतलं, दुसऱ्यात साहेबांकडे नजर गेली आणि पाय टेकला. नापास. साहेब शांतपणे म्हणाले, "सात दिवसांनी या. घाई करू नका." दहा वर्षांचा अनुभव आहे असं सांगायला तोंड उघडलं होतं, वेळेत मिटलं.

दुसऱ्या वेळी पाय टेकला नाही. 'आठ' संपवून सरळ रेषेत एक, दोन, तीन गिअर टाकले, हाताने थांबायची खूण केली, परत खाली तीन, दोन, एक. साहेबांनी कागदावर टिक केलं आणि पुढच्याला बोलावलं. एवढंच. शंभर ओळींचा कोड पहिल्या फटक्यात चालल्यावरही इतका आनंद झाला नव्हता.

* * *

कार्ड पोस्टाने आलं. जुनी ओळ तशीच आहे, खाली चार अक्षरांची नवी ओळ आलीये. पेढे घेऊन सिडकोत गेलो. मित्र दारातच म्हणाला, "बाबांना काही सांगत बसू नकोस हां. जुनं झालं सगळं." मी मान हलवली आणि आत जाऊन सांगितलं.

"काका, २०१८ ला महिरावणीला गाडी मी चालवत होतो."

काकांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मला वाटलं आता वॉर्डातलं भाषण माझ्या वाट्याला. पण ते मुलाकडे वळले. "तू का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलंच नाहीत. आल्या आल्या ओरडायला लागलात."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "मी तेव्हाच म्हणत होते, त्याचा हात असा नाहीये."

काका बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, "त्या दिवसानंतर मी ह्याच्या मागे कधी बसलो नाही. बँकेत जायचं तर रिक्षा करतो. ह्याला वाटतं मला रिक्षा आवडते."

मला हे माहीत नव्हतं. मित्रालाही नव्हतं, कारण तो एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. मी माफी मागितली, दोघांचीही. काकांनी "असू दे" म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. त्यांनी चष्मा लावून माझं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं, परत दिलं, आणि म्हणाले, "पेढा कुठल्या दुकानातला आहे?"

असो. तुम्हाला एकच विनंती, हे वाचून झालं की पाकीट काढा आणि लायसनवरची अक्षरं मोजा. पाचच असतील आणि खाली बुलेट उभी असेल, तर या आठवड्यात अर्ज भरा. आणि ज्यांनी अजून कुठलंच लायसन काढलेलं नाही त्यांच्यासाठी जाता जाता : तिशीच्या आत काढलं तर ते आता वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तेव्हा फार रेंगाळू नका.

परवा मित्राचा मेसेज आला. "बाबा आज मागे बसले. बँकेपर्यंत. सगळा रस्ता 'हळू, हळू' करत होते. तिसऱ्याच्या वर गिअर टाकू दिला नाही."